33 चे टायर आणि तेलाचा डबा

सकाळी सकाळी पुतण्यानं व्हॉट्सॲपवर गाडी उंच करायचं कोटेशन टाकलं. 3 इंचांची लिफ्ट, म्हणजे बॉडी तेवढी वर, 33 इंची मड टायर, नवे अलॉय. खाली एकच ओळ: "काका, ओके ना?" चहा तसाच निवला माझा.

नाही रे बाळा, ओके नाही.

माझी थार घेतली तेव्हा मीही असंच एकाला विचारलेलं. तो म्हणाला, "एकदम कडक!" तेवढं ऐकायलाच गेलो होतो मी. स्प्रिंगखाली स्पेसर, म्हणजे उंची वाढवायचे ठोकळे, 33 चे टायर, सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलवर पोरं फोटो काढायची. छाती नुसती फुगलेली. मग आली येळवस, शेतात जाऊन जेवायची वेळ अमावस्या. आईला घेऊन मोहोळकडच्या शेताला निघालो, मागं भज्जीचं पातेलं, आंबिलीचं बिंदगं. पाटाचं पाणी फुटून बांधाकडची वाट भिजलेली. आपली काळी माती काय चीज आहे ते सोलापूरकराला सांगायला नको. चार हात गेलो नाही तर टायरची नक्षी भरून चाकं गुळगुळीत, आणि गाडी मागनं बसली. आत आई.

का बसली? लिफ्टनं बॉडी वर जाते. मागच्या ॲक्सलवरचा, दोन चाकांच्या मधला डिफरन्शियलचा गोळा आहे तिथंच राहतो. त्याला वर नेतो तो फक्त टायर, तेही निम्म्यानं. 31 चा 33 केला तर मिळाला 1 इंच. एक! आणि चिखलात टेकतो तो गोळाच. एवढं कुणी सांगतं का दुकानात? पुढं ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्यावरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर. माझा सहा महिन्यांत फाटला. स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 85 ला असते. चाकं जड, ब्रेक उशिरा लागतो. गाडीत फेरफार करण्यावरचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, ते इन्शुरन्सवाल्याला बरोबर आठवतं.

सह्याद्रीत दगडांवर गाड्या चढवणाऱ्यांना लिफ्ट लागते, मान्य. तुझा सह्याद्री कुठला बे? होटगी रोडचे खड्डे?

अण्णांची, तुझ्या आजोबांची, जुनी जीप त्याच वाटेनं वर्षानुवर्षं गेली. 6.00-16 चे काटकुळे टायर. वरचा चिखल कापत खाली मुरमाला जाऊन टेकायचे. अडकलीच तर चाकाला दोरखंड गुंडाळायचे, की निघाली. आमच्या रुंद चाकांना मुरूम काही सापडला नाही. (दोरखंडही नव्हता. एलईडी बार मात्र होता.)

खर्चच करायचा तर कंपनीच्याच साइजचे चांगले ऑल-टेरेन टायर घे, डांबरी-कच्चं दोन्हीला चालणारे. हवेचा पंप आणि गेज घे. कच्च्यात 32 ची हवा 20 वर आण, डांबरीवर आलास की परत भर. ओढायचा पट्टा ठेव. त्यानंही भागलं नाही तर लिफ्टचं बोलू, आणि तेव्हा नीट स्प्रिंग-शॉकचा सेट, स्पेसरचे तुकडे नाहीत.

रागावलोय असं वाटेल तुला. तुझ्यावर नाही रे.

ट्रॅक्टर यायला तासभर होता, आईला उतरवायचं होतं. तिचा पाय खाली पोचेना. दारातून एक पाय लोंबकळतोय, एका हातात पदर, दुसऱ्या हातानं माझा खांदा घट्ट धरलेला. शेवटी शेजारच्या वस्तीवरनं तेलाचा रिकामा डबा आणून पालथा घातला. उतरली. चिडली असती तर बरं झालं असतं. साडी झटकत नुसती म्हणाली, "तुझ्या बापाच्या जीपातनं मी नवव्या महिन्यात उतरत हुते बघ."

दुसऱ्या आठवड्यात लिफ्ट काढली. टायर निम्म्या किमतीत गेले. डबा अजून डिकीत आहे.

आजी यंदाही येळवसला येणार म्हणते, गुडघा तसाच आहे. तू रविवारी टेप घेऊन ये. तिचा पाय किती वर उचलतो ते आधी मोजू, मग बघू तुझं कोटेशन.