तक्रारीला जागाच नाही

साध्या हॉटेलात लहान पोरं घेऊन जाण्यात एक मोठी सोय असते. काहीही बिनसलं तरी खापर हॉटेलवर फोडता येतं. पोरगं रडतंय? खोलीच कोंदट आहे. जेवत नाही? सगळंच तिखट करून ठेवलंय. झोपत नाही? शेजारच्या खोलीतला टीव्ही ऐका जरा. अशा वेळी नवरा-बायको एका बाजूला असतात आणि हॉटेल दुसऱ्या. संसाराला अधूनमधून असा एक सामाईक शत्रू लागतोच.

'खास लहान मुलांच्या कुटुंबांसाठी' म्हणून शेताशिवारात उभारलेलं हॉटेल नेमकी हीच सोय काढून घेतं. आम्ही उतरलो तिथे टेबलांचे कोपरे गोल होते, सॉकेटांना झाकणं होती, बोटं चेमटू नयेत म्हणून दारांच्या कडांना स्पंज लावलेला होता. बेसिनसमोर स्टूल, कमोडवर छोटं सीट, टबाच्या काठावर रबरी बदक. बायकोने 'लागलंच तर' या सदराखाली घरून एक अख्खी बॅग भरून आणली होती. तिने ती उघडली, खोलीभर नजर फिरवली आणि चेन पुन्हा ओढून घेतली. चेहरा चांगलाच पडला होता. थोरल्याने, वय वर्षं चार, सगळीकडे फिरून पाहणी केली आणि निकाल दिला, "इथे काहीच तुटत नाही."

म्हणजे आता जे काही होणार, ते सर्वस्वी आमच्या जबाबदारीवर.

जिन्याला वर आणि खाली फाटकं होती. ती उघडायची म्हणजे कळ दाबून धरायची, त्याच वेळी कडी वर उचलायची आणि मग फाटक स्वतःकडे ओढायचं. याला दोन मोकळे हात लागतात, आणि मोकळे हात असलेला माणूस त्या इमारतीत एकही नव्हता. त्यामुळे यच्चयावत बाप फाटकावरून टांग टाकून ये-जा करत. मीही दोन पिशव्या आणि गुंडाळलेली स्ट्रोलर सांभाळत एक पाय पलीकडे टाकला आणि तसाच अडकलो. तेवढ्यात आमची धाकटी दुडुदुडु आली. हिला अजून स्वतःचं नाव धड सांगता येत नाही. तिने कळ दाबली, कडी उचलली, फाटक उघडलं, आणि मी फाटकावर बसलेल्या अवस्थेत तिच्यासोबत आत आलो.

जेवण संध्याकाळी साडेपाचला. हेही बरोबरच, मुलांची वेळ तीच. बुफेमध्ये पाच-सहा रंगांच्या भाज्या मांडल्या होत्या, आणि हॉलमधली झाडून सगळी मुलं पांढरं खात होती: भात, नूडल्स, पाव. स्वयंपाक्याने बिचाऱ्याने मेहनत घेऊन काकडीच्या चकत्यांवर गाजराचे डोळे आणि टोमॅटोचं हसू चिकटवलं होतं. थोरला ती बशी बराच वेळ न्याहाळत बसला. मग म्हणाला, "हा माझ्याकडे बघतोय." मी डोळे काढून टाकले. "आता त्याला दिसत नाही," तो म्हणाला आणि भोकाड पसरलं. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ मुलाच्या ताटातलं उरलंसुरलं उभ्याउभ्याच खात होते. त्यांनी माझ्याकडे अशा काही सहानुभूतीने पाहिलं, जणू काकडीच्या या टप्प्यातून तेही एकदा गेले होते.

दुसऱ्या दिवशी खेळण्याची खोली. रंगीत बॉलांनी भरलेला जो हौद आता सगळीकडे दिसतो, तो एरिक मॅकमिलन नावाच्या डिझायनरने १९७६ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या सीवर्ल्ड या मनोरंजन उद्यानात पहिल्यांदा केला असं मानतात. कल्पना थोरच. फक्त पाठीत उसण भरलेल्या माणसाने तिथून बाहेर कसं यायचं, याचा विचार झालेला दिसत नाही. तिथे हाताला धरायला काही नसतं. जिथे जोर द्यावा तिथले बॉल बाजूला सरकतात आणि माणूस आणखी खाली जातो. मी धाकटीचा एक मोजा शोधायला उतरलो होतो. तळाशी मला दोन परके मोजे, एक केसांची क्लिप आणि एक चोखणी सापडली. आमचा मोजा तिच्या पायातच होता, दुसऱ्या मोज्याच्या आत.

पोहण्याच्या तलावाचं पाणी कोमट होतं. दारातून आत शिरताच तो ओळखीचा वास आला आणि बायको खूश होऊन म्हणाली, "बघ, किती क्लोरीन टाकतात, स्वच्छता आहे हो!" आता, तो वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. क्लोरीनची गाठ घाम आणि लघवीशी पडली की क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास. वास जितका उग्र, तितकं पाण्यात मिसळलेलं जास्त. शिवाय पोहण्याच्या डायपरचं काम फक्त घन पदार्थ अडवण्याचं. बाकीचं सरळ पाण्यात. हे सगळं मला ठाऊक होतं. पण ती पहिल्यांदाच हसली होती. मी "हो ना" म्हणालो आणि पाण्यात उतरलो. तोंड मात्र मिटून ठेवलं.

मग शेळ्या. शेतावरचं हॉटेल म्हटलं की शेळ्या आल्याच. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, त्यामुळे मान न हलवता तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं. लांडगा कुठून येतोय हे कळावं म्हणून ही निसर्गाची सोय, असं सांगतात. तिथल्या शेळ्या ती बिस्किटासाठी वापरत होत्या. थोरल्याने बिस्किट पाठीमागे लपवलं, शेळी पाठीमागे हजर. त्याने ते डोक्यावर धरलं, शेळीने पुढचे दोन्ही पाय त्याच्या बापाच्या पोटावर ठेवले. कुंपणावर 'हात साबणाने धुवा' अशी पाटी होती आणि ती योग्यच; जनावरांच्या शेणातून ई. कोलाय हा जंतू पोटात जाऊ शकतो आणि मळलेल्या हातांना नुसतं जेल चोळून भागत नाही. पाटीचा खालचा अर्धा भाग मात्र शेळ्यांनी खाल्ला होता.

रात्री आठनंतर हॉटेलचा खास कार्यक्रम: पालकांसाठी निवांत जेवण. मेणबत्त्या, हलकं संगीत, आणि प्रत्येक टेबलावर एकेक बेबी मॉनिटर. मुलं वर खोल्यांत झोपलेली, मॉनिटर आपल्यासमोर. या यंत्राचा पूर्वज म्हणजे अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९३७ साली आणलेला 'रेडिओ नर्स'. प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरणानंतर श्रीमंत घरांत जी धास्ती पसरली होती, त्यातून तो निघाला, आणि त्याचं बेकेलाइट या जुन्या प्लास्टिकचं कवच घडवलं इसामू नोगुची या नामवंत शिल्पकाराने. तेव्हापासून आजवर एवढीच प्रगती झाली आहे की आता चित्रही दिसतं. अख्ख्या हॉलमध्ये एकही जोडपं एकमेकांकडे बघत नव्हतं. सगळे वाकून छोट्या पडद्यावरची करडी, हलती-न-हलती आकृती बघत होते.

"काहीतरी बोल ना," बायको म्हणाली.

"तिचं पांघरूण सरकलंय का गं?"

"तेच बघतेय."

सूप आलं. तेवढ्यात कुठल्यातरी यंत्रातून रडण्याचा आवाज आला आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. कुणाच्या हातात चमचा, कुणाच्या गळ्यात नॅपकिन. आपापला पडदा तपासून एकेक जण खाली बसत गेला. शेवटी कोपऱ्यातलं एक जोडपं उभं राहिलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्यात 'काल कोण गेलं होतं' याचा सगळा हिशेब होता. नवरा निघाला. बाकीच्यांनी सूप संपवलं. असं मिष्टान्नापर्यंत चालू होतं. आमची पाळी मुख्य जेवणाच्या वेळी आली, आणि मी परतलो तेव्हा माझं ताट बायकोने संपवलं होतं. गार होऊ नये म्हणून, असं तिचं म्हणणं.

झोपेबद्दल काय सांगायचं! परक्या जागी पहिल्या रात्री माणसाच्या मेंदूचा एक भाग अर्धवट जागाच राहतो, बहुधा डावीकडचा, असं ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं. ही पहिल्या रात्रीची गोष्ट. पुढच्या रात्री आमचा उजवा भागही धाकटीने ताब्यात घेतला. थोरला पलंगावर आडवा झोपतो. चार वर्षांचं मूल दोन माणसांच्या पलंगाची सहा माणसांना पुरेल एवढी जागा कशी अडवतं, यावर मात्र अजून कुणी संशोधन केल्याचं माझ्या वाचनात नाही. आम्ही दोघं शेवटी बाथरूमच्या फरशीवर बसून, दार लोटून, कुजबुजत भांडलो. विषय असा की रात्री दूध मागायची ही सवय कुणाच्या घराण्यातून आली. साध्या हॉटेलात असतो तर एव्हाना रिसेप्शनला फोन लावून गादीबद्दल एकमुखाने तक्रार केली असती. गादी उत्तम होती.

पहाटे कोंबडा आरवला. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या अभ्यासातून असं दिसलंय, की कोंबडा उजाडलेलं बघून नव्हे तर आपल्या आतल्या घड्याळावर आरवतो, आणि कळपात आधी मानाचा कोंबडा तोंड उघडतो, मग बाकीचे आपापल्या पायरीनुसार. आमच्या मजल्यावर हाच शिरस्ता होता. मानाचा कोंबडा आमच्याकडे होता. थोरल्याने बांग दिली, मग समोरची खोली, मग जिन्याजवळचे जुळे, आणि पाच मिनिटांत सगळा मजला जागा.

बाकीच्यांची झोप मोडू नये, हा प्रश्नच नव्हता. तरी मी सवयीने धाकटीला स्ट्रोलरमध्ये घालून व्हरांड्यात आलो. तिथे आधीच चार-पाच बाप फेऱ्या मारत होते. कुणाचा शर्ट उलटा, कुणाच्या पायात बायकोच्या चपला. कुणी कुणाला नाव विचारत नव्हतं.

"किती वाजता?" एकाने विचारलं.

"पावणेपाच."

"आमचं साडेचारलाच," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता.

एवढं सगळं असून मुलं रमली कशात? पार्किंगमधल्या खडीत. निघायच्या दिवशी सामान गाडीत भरताना थोरला खाली बसला, एक मूठ खडी उचलली आणि चाकाशेजारी ओतली. धाकटीने ती चाकाशेजारून उचलून पुन्हा जागेवर नेली. तासभर हे चाललं. ना रडणं, ना 'आई, बघ', ना भूक. मागे बॉलांचा हौद रिकामा, शेळ्या बिस्किटाविना उभ्या. आम्ही दोघं गाडीच्या बॉनेटला टेकून गरम चहा पीत होतो, आणि तो शेवटपर्यंत गरम होता.

रिसेप्शनवर अभिप्रायाचा कागद भरायचा होता. 'आमच्याकडे काय कमी वाटलं?' या रकान्यापाशी बायको थांबली. पेन गालाला लावून तिने बराच विचार केला. इतक्या दिवसांची तळमळ होती, पण लिहिण्यासारखं काही सापडेना. बाहेर थोरल्याला खडीतून उचलल्यामुळे तो दोन्ही मुठी आवळून किंचाळत होता. ती वाकली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'खडी वाढवावी.'

रिसेप्शनवरच्या मुलीने कागद वाचला, जराही न हसता खण उघडला आणि जाडजूड गठ्ठ्यावर तो ठेवत म्हणाली, "हो मॅडम, बरेच जण हेच लिहितात."