दादांच्या चाली

दादा गेल्यापासून पेठेच्या ग्रुपवर एकच चर्चा चालू आहे, चौकाला त्यांचं नाव द्यायचं की कोपऱ्यावर फलक लावायचा. भावना मलाही कळते. साठीही न गाठलेला माणूस रात्री तालमीत पेटी वाजवून घरी गेला आणि पहाटे हार्ट अटॅकनं गेला, हे अजून कुणाच्याच पचनी पडलेलं नाही. पण चौक कुठं पळून जात नाही. मला घाई आहे ती त्यांच्या चालींची.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो. दादा कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. दिवसभर रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची आवक लिहायची आणि सौदे संपले की त्याच डायरीत गाणी. शब्द त्यांचे, चाल त्यांची, गळाही त्यांचाच. काल वहिनींनी त्या डायऱ्या माझ्यापुढे ठेवल्या. एका पानावर वर हिशेब, खाली गाणं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'चाल : आक्काची'. दुसरीकडं 'चाल : पुराची, सावकाश'. बस्स, एवढंच. स्वरलिपी नाही, ताल नाही. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिच्या जात्यावरच्या ओव्या ऐकत दादा वाढले. आक्काही आता नाहीत.

सत्काराला, उद्घाटनाला लिहिलेली त्यांची गाणी बेताचीच होती, हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणायचो. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरानं आंबेवाडी, प्रयाग चिखलीची माणसं घरं सोडून आली, तेव्हा दादा पेटी घेऊन छावणीत जायचे. दाव्याला राहिलेल्या म्हशीचं गाणं तिथलंच. तिसऱ्या ओळीला ते समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायचेच नाहीत. पेटीचा भाता धरून ठेवायचे, ओळ अर्धीच राहायची आणि समोरच्या बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. डायरीत ती ओळ पुरी लिहिलेली आहे. नुसती वाचली तर काहीच वाटत नाही.

अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. तरी त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी टिकली, कारण भुर्जी खाँ, केसरबाई, मोगूबाई या शिष्यांनी ती समोर बसून गळ्यात उतरवली. दादांच्या समोर असं कुणी बसलं नाही. 'नाद खुळा' म्हणणारे मात्र पेठ भरून होते.

तेव्हा हात जोडून विनंती आहे. लग्नात, गणपतीत, छावणीत कुणी दादांचं गाणं मोबाईलवर घेतलं असेल तर डिलीट करू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आहे तशी फाईल येते. साथीला बसणाऱ्या ढोलकीवाल्यांनी लय सांगावी. चाल आठवत असेल त्यांनी बेसूर का होईना, आजच फोनवर म्हणून ठेवा. रविवारी सकाळी आम्ही दादांच्या घरी बसतोय, पेटी आणि डायऱ्या तिथंच आहेत. आणि 'आक्काची' चाल कुणाला एक कडवं जरी येत असली, तर रविवारची वाट बघू नका. मला रात्री-अपरात्री कधीही फोन करा.