‘जाडीची दुप्पट अधिक व्यासाची तिप्पट’ : मोठ्या फ्लँजला हे सूत्र का लावू नये

सोलापुरातील फिटर आणि ठेकेदार मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे : फ्लँज (दोन पाइप जोडण्यासाठी त्यांच्या टोकांना असणारी भोकांची जाड चकती) कितीही इंची असो, तिच्या जाडीच्या दुपटीत बोल्टच्या व्यासाची तिप्पट मिळवली की स्टडची, म्हणजे दोन्ही टोकांना नट लागणाऱ्या आटेदार बोल्टची, लांबी मिळते, स्टड थोडा लांब निघाला तरी बिघडत नाही, आणि २४ इंचांच्या पुढे २४ इंचांपर्यंतच्या फ्लँजचाच तक्ता पाहून अंदाज बांधावा.

तक्त्याचे आधी पाहू. हा तक्ता ज्यातला आहे, ते एएसएमई (अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांची संस्था) बी१६.५ हे फ्लँजचे मानक २४ इंचांवर थांबते. २६ ते ६० इंचांसाठी बी१६.४७ आहे आणि त्यात दोन मालिका आहेत. ३६ इंची, क्लास १५० (दाब सोसण्याची श्रेणी) फ्लँजला ‘ए’ मालिकेत दीड इंची ३२ स्टड लागतात, तर ‘बी’ मालिकेत पाऊण इंचाहून थोडे जाड, म्हणजे ७/८ इंची, ४४ लागतात. मालिका न विचारता बांधलेला अंदाज इथेच कोसळतो.

आता सूत्र. समजा, कॅटलॉगप्रमाणे जाडी ९० मिमी आहे आणि स्टड दीड इंची, म्हणजे ३८ मिमी. दोन फ्लँजचे १८०, दोन जाड नटांचे ७६ आणि मध्ये दाबल्या गेलेल्या गॅस्केटचे (गळती रोखणाऱ्या चकतीचे) ३ असे २५९ मिमी होतात. फ्लँज प्रत्येकी ५ मिमीपर्यंत जाड निघू शकते, ते धरून २६९, म्हणजे २७० मिमी. जाडी जागेवर व्हर्नियरने मोजली असेल, तर हे शेवटचे १० मिमी धरायची गरज नाही. संदेशातील सूत्र मात्र २९४ देते.

हे जादा २४ मिमी निरुपद्रवी नाहीत. उघडे राहिलेले आटे गंजतात, आणि गळीत हंगाम संपल्यावर साखर कारखान्यात देखभालीसाठी जोड उघडताना नट त्याच गंजलेल्या आट्यांवर अडकून बसतो. मग गॅस कटर आणावा लागतो. उलट, स्टड हायड्रॉलिक टेन्शनरने, म्हणजे तेलाच्या दाबाने स्टड ओढून ताणणाऱ्या साधनाने, ताणायचा असेल तर एका बाजूला किमान एक व्यास जादा आटे लागतात, म्हणजे ३०८ मिमी, आणि तिथे हेच २९४ अपुरे पडतात. नट फिरवून आवळणाऱ्या टॉर्क पान्याला जास्त आणि टेन्शनरला कमी, अशी ही लांबी आहे.

दोन फ्लँजच्या मध्ये वेफर बटरफ्लाय व्हॉल्व्ह (फ्लँजच्या मध्ये दाबून बसणारी झडप) बसणार असेल, तर त्याची पूर्ण रुंदी आणि दुसरे गॅस्केट हिशेबात घ्यावेच लागते. संदेशात त्याचा उल्लेखही नाही. शिवाय ऑर्डर देताना लांबी पहिल्या आट्यापासून शेवटच्या आट्यापर्यंतची लिहावी, कारण टोकांचा उतार तीत धरला जात नाही.