साखर बंद केली म्हणून कॅन्सर उपाशी मरत नाही

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या बाईच्या मोबाईलवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच राहतो: साखर पूर्ण बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल. सोयाबीनला हात लावू नका. उपचार संपेपर्यंत पूर्ण विश्रांती घ्या. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने आयुष्यात पुन्हा वजन उचलू नका. रोज डिटॉक्स रस प्या, केमोचं विष निघून जाईल. हे सगळं पाळलंत तर आजार परत येणार नाही.

पाठवणाऱ्याला काळजी असते, म्हणूनच तो पाठवतो. पण यातल्या काही सल्ल्यांनी खरोखर अपाय होतो, म्हणून एकेक तपासून पाहू.

साखरेच्या दाव्यामागे एक खरा शोध आहे. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज झपाट्याने वापरतात, हे ऑटो वॉरबर्ग यांनी 1920 च्या दशकात दाखवलं. शरीरात कॅन्सर कुठे पसरलाय ते शोधणारा पेट (PET) स्कॅन याच गुणावर चालतो. चूक होते ती पुढच्या उडीत. गोड खाणं थांबवलं तरी रक्तातलं ग्लुकोज संपत नाही, कारण यकृत ते साठ्यातून सोडतं आणि साठा आटला की प्रथिनांपासून तयार करतं. ही प्रथिनं बऱ्याच अंशी स्नायूंतून येतात. म्हणजे उपासमार गाठीची होत नाही, बाईची होते. केमोच्या दिवसांत तोंड आलेलं असतं, चव गेलेली असते, वासानेच मळमळतं. अशा वेळी जे चार घास पोटात जातात, त्यांवरही धाक बसवायचा? त्या दिवसांत थोडं थोडं, वारंवार खाणं आणि त्यात डाळी, अंडी, मासे, दही असं काहीतरी प्रथिनांचं असणं जास्त मोलाचं.

गोड पेयं आणि मिठाई कमी करायला कारण आहे, पण ते वेगळं. पाळी गेल्यानंतर शरीरातलं बरंचसं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्रियांचं हार्मोन, चरबीत तयार होतं, आणि स्तनाचे बहुतेक कॅन्सर हार्मोनवर वाढणारे असतात. म्हणून उपचारांनंतर वजन आटोक्यात ठेवायचं. त्याचा चहातल्या चमचाभर साखरेला घाबरण्याशी संबंध नाही.

सोयाबीनची भीती त्यातल्या इस्ट्रोजेनसारख्या घटकांमुळे पसरली. 2009 मध्ये शांघायमधल्या सुमारे 5,000 रुग्ण स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात सोया जास्त होतं, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं नव्हतं, उलट कमी आढळलं. आहारातलं सोया चालतं. सोयाच्या अर्काच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

आता विश्रांती. या सल्ल्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो मायेने दिला जातो आणि निमूटपणे पाळला जातो. उपचारांमुळे येणारा थकवा झोपून जात नाही. पडून राहिलं की स्नायू झिजतात, मग जिना चढतानाही धाप लागते, आणि धाप लागते म्हणून आणखी पडून राहावंसं वाटतं. 2017 मध्ये 113 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. कॅन्सरच्या थकव्यावर व्यायाम आणि मानसोपचार हे औषधांपेक्षा सरस ठरले. आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम हे उद्दिष्ट सांगितलं जातं, पण केमोच्या आठवड्यात दहा मिनिटं घरातल्या घरात चाललं तरी चालेल. ताप असेल, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट्स फार खाली असतील, किंवा आजार हाडांत पोचला असेल, तर किती आणि काय करायचं हे आधी डॉक्टरांना विचारावं.

हाताबद्दलची भीती निराधार नाही. काखेतल्या लसीकाग्रंथी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं, की लसीकेचा, म्हणजे पेशींभोवतालच्या पातळ द्रवाचा, निचरा अडतो आणि हात सुजू शकतो. पूर्वी डॉक्टरही वजन उचलू नका असंच सांगत. मग 2009 मध्ये ज्यांचा हात आधीच सुजलेला होता अशा 141 स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. देखरेखीखाली, हलक्या वजनापासून सुरुवात करून हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने सूज वाढली नाही, आणि ती अचानक बळावण्याचे प्रसंगही कमी झाले. हात वापरायचाच नाही असं ठरवलं तर खांदा आखडतो. नंतर केस विंचरणं, मागचा हूक लावणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं जमत नाही. रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्यावर धरायचा असतो, तिथेही अडतं. फिजिओथेरपिस्ट सुरुवातीला शिकवतात तो व्यायाम अगदी साधा असतो: भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं भिंतीवरून कोळ्यासारखी चालवत वर न्यायची, ताण जाणवला की थांबायचं, श्वास सोडायचा, आणि तिथे पेन्सिलीने खूण करायची. अंगठी किंवा बाही नेहमीपेक्षा घट्ट वाटू लागली तर लगेच दाखवावं. हात लाल आणि गरम झाला तर त्याच दिवशी.

डिटॉक्सचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतातच, केमोची औषधंही तीच बाहेर टाकतात. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना नीट न धुतलेल्या फळाभाज्यांचा कच्चा रस संसर्गाला आमंत्रण ठरू शकतो. अर्क आणि मोठ्या मात्रेतल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या औषधांच्या कामात अडथळा आणू शकतात, तेव्हा जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. आणि केमोदरम्यान ताप 38 अंश सेल्सिअसवर, म्हणजे 100.4 फॅरेनहाइटवर गेला, तर घरगुती उपाय न करता थेट हॉस्पिटल गाठा, मध्यरात्र असली तरी.

राहिली शेवटची हमी. ती तपासून झाली आहे. अमेरिकेत 3,088 स्त्रियांच्या चाचणीत निम्म्यांना भरपूर भाज्या, फळं, तंतू, कमी चरबी आणि शिवाय भाज्यांचा रस असा आहार दिला. सात वर्षांहून अधिक काळानंतर आजार उलटण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच निघालं, 16.7 आणि 16.9 टक्के. चांगल्या आहाराने हृदय, हाडं, ताकद सांभाळली जाते, म्हणून तो घ्यावाच. पण ज्या बाईचा आजार उलटला तिने काहीतरी चुकीचं खाल्लं असणार, असा आरोप तिच्यावर कुणीही करू नये. तिने स्वतःवरही करू नये.

या मेसेजमध्ये दारू आणि तंबाखूचा उल्लेख नसतो, खरं तर तो सगळ्यात वर हवा. हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरसाठी दिल्या जाणाऱ्या, हार्मोनला रोखणाऱ्या गोळ्यांचाही नसतो. त्या 5 ते 10 वर्षं घ्याव्या लागतात, आणि सांधे दुखतात म्हणून अनेक जणी कुणाला न सांगता सोडून देतात. 2015 च्या एका चाचणीत अशा गोळ्यांमुळे होणारी सांधेदुखी वर्षभराच्या नियमित व्यायामाने 29 टक्के उतरली. तरीही दुखत असेल तर गोळी बदलता येते. सोडण्याआधी डॉक्टरांना फोन करा.