टॅक्स कोण भरतं, ते आधी बघा

सांगलीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर जोरात फिरतोय: 'देशात दोन टक्के लोक टॅक्स भरतात, बाकीचे फुकट खातात. लाडकी बहीण बंद करा, टॅक्स निम्म्यावर येईल. नेत्यांची आश्वासनं तर सगळी खोटीच.'

आयकर थोडेच लोक भरतात, हे खरं. पण टॅक्स म्हणजे फक्त आयकर नव्हे. तासगावचा बेदाणा उत्पादक घ्या. शेतकऱ्याने स्वतःचा बेदाणा विकला तर जीएसटी लागत नाही, हे डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी कौन्सिलने स्पष्ट केलं. म्हणून तो करातून सुटला का? द्राक्षबागेवर मारायच्या रासायनिक औषधांवर त्याला 18 टक्के जीएसटी पडतो. व्यापाऱ्याला खरेदीवरच्या कराची वजावट मिळते. शेतकऱ्याची नोंदणीच नसते, त्यामुळे तो कर त्याच्याच अंगावर बसतो. ट्रॅक्टरच्या डिझेलवरचा राज्याचा व्हॅट वेगळाच. त्याच बागेत छाटणीला येणारी बाईसुद्धा कर भरते. अंगाच्या साबणावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 ला 18 वरून 5 टक्क्यांवर आला. त्याआधीची आठ वर्षं तिने 18 टक्क्यांनीच भरला. तिला फुकटी म्हणणं मला संतापजनक वाटतं.

दुसरं, महिलांना दरमहा दीड हजार रुपये देणारी लाडकी बहीण ही राज्याची योजना आहे. आयकर जातो दिल्लीला. केंद्रीय करांच्या वाटपयोग्य रकमेतला 41 टक्के वाटा सगळ्या राज्यांना मिळून येतो आणि पंधराव्या वित्त आयोगाने त्यातले जेमतेम 6.3 टक्के महाराष्ट्राला दिले. राज्याची तिजोरी मुख्यतः जीएसटी, व्हॅट, मुद्रांक शुल्क, दारूवरचं उत्पादन शुल्क यांवर चालते. म्हणजे त्या दीड हजारात छाटणीला येणाऱ्या त्या बाईचेही पैसे आहेत.

टॅक्स निम्म्यावर? 2025-26 च्या राज्याच्या अर्थसंकल्पात एकूण खर्च सुमारे 7 लाख कोटी, योजनेला 36,000 कोटी आणि महसुली तूट 45,891 कोटी. योजना पूर्ण बंद केली तरी तूट भरत नाही, मग करकपात कुठून होणार? योजनेवर चर्चा जरूर व्हावी, पण आकडे समोर ठेवून.

आणि सगळी आश्वासनं खोटी नसतात. 1500 रुपये खात्यात आले. 2024 च्या निवडणुकीत सांगितलेल्या 2100 ची मात्र त्या अर्थसंकल्पात तरतूद नव्हती. निवडणूक आयोगाची आचारसंहिताच म्हणते की आश्वासनासाठी पैसा कसा उभा करणार, हे जाहीरनाम्यात ढोबळमानाने सांगावं. पुढच्या निवडणुकीत उमेदवार विश्रामबागला किंवा मिरजेला मतं मागायला आला की जाहीरनाम्यातलं ते पान त्याच्याकडे मागा.