पानं हिरवी की पिवळी?

नमस्कार सर,

बातम्यांची खिल्ली उडवणाऱ्या ‘द डेली शो’ या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की असले कार्यक्रम बातम्यांची टिंगल करतात आणि ती बघून तरुणांचा कशावरच विश्वास उरत नाही. तुम्ही तळमळीने लिहिलंय, म्हणून मीही जरा सविस्तर लिहितो.

तुमची भीती निराधार नाही. बाउमगार्टनर आणि मॉरिस या अमेरिकी अभ्यासकांच्या २००६च्या अभ्यासात हेच दिसलं होतं. तो कार्यक्रम बघणाऱ्यांचा निवडणुकांवरचा, बातम्यांवरचा विश्वास कमी होत होता. मात्र ‘आपल्याला राजकारण कळतं’ हा त्यांचा आत्मविश्वास वाढलेला होता. या दुसऱ्या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करू नका.

या कार्यक्रमातून मला नेमकं काय मिळालं ते सांगतो. नोव्हेंबर २००९मध्ये वॉशिंग्टनला आरोग्य विधेयकाच्या विरोधात सभा झाली. फॉक्स न्यूज या अमेरिकी वाहिनीवर शॉन हॅनिटी यांच्या कार्यक्रमात तिची गर्दी दाखवली गेली. ‘द डेली शो’चा निवेदक जॉन स्टुअर्टने तीच दृश्यं प्रेक्षकांसमोर ठेवली आणि झाडांकडे बोट दाखवलं. एका दृश्यात पानं रंग पालटलेली, आकाश निळं. दुसऱ्यात पानं हिरवीगार, वर ढग. ही हिरव्या पानांखालची गर्दी सप्टेंबरमधल्या वेगळ्याच, कितीतरी मोठ्या सभेतली होती! दुसऱ्या दिवशी हॅनिटींनी चूक कबूल केली. लोक हसले ते खरंच, पण त्या दिवसापासून मी बातमी बघताना मागची झाडंही बघायला लागलो.

त्याचा उपयोग मला घरीच झाला. आईबाबा सांगलीत असतात. मागे एका पावसाळ्यात एका वाहिनीवर ‘सांगलीला महापुराचा विळखा’ अशी पट्टी आणि गळ्यापर्यंत पाण्यातली माणसं दिसली. पुण्यात बसून माझ्या पोटात गोळा आला. फोन केला तर बाबा म्हणाले, “अरे, आत्ताच आयर्विन पुलावरून आलो, पाणी बरंच खाली आहे.” मग मी दृश्य थांबवून नीट बघितलं. अर्ध्या बुडालेल्या फ्लेक्सवर ‘दहीहंडी २०१९’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तेव्हापासून मी आधी आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी बघतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. आकडा कमी दिसला की जीव भांड्यात पडतो, नाहीतर सरळ गाडी काढतो.

याला विश्वास उडणं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. जो बातमीदार खरोखर गुडघाभर पाण्यात उभा राहून बोलतो, त्याच्याबद्दलचा माझा आदर उलट वाढलाय. त्याची मेहनत असल्या जुन्या चित्रफितींमुळे मातीमोल होते, याचा मला संताप येतो.

एक मात्र तुमचं शंभर टक्के पटलं. निवेदकाच्या आवाजाची, दिसण्याची नुसती नक्कल करून टाळ्या घेणारे खूप झालेत, त्यातून कुणी काही शिकत नाही. आणि स्टुअर्टही काटछाट करूनच दृश्यं दाखवतो, तेव्हा त्यालाही हाच प्रश्न विचारायचा: हे कधीचं, आणि याच्या आधी-नंतर काय होतं?

तो २००९चा भाग मिळाला तर जरूर बघा, आणि तरीही मत तेच राहिलं तर पुन्हा लिहा. मी वाट बघतोय.