एका सेलची बदली

एचपी ३४७८ए हा साडेपाच अंकी मल्टिमीटर, ऐंशीच्या दशकातला. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तो टीव्हीजवळ दिसला की पाहुणे विचारतात, "हा कुठल्या केबलवाल्याचा बॉक्स?" मी हल्ली "जुन्या" म्हणून विषय मिटवतो.

त्याच्या पोटात ३ व्होल्टचा लिथियम सेल सोल्डर केलेला असतो. मीटर बंद असताना कॅलिब्रेशनचे आकडे (मीटरचं माप अचूक ठेवणाऱ्या दुरुस्त्या) ज्या रॅममध्ये असतात, तिला तोच जागं ठेवतो. सेल तसा स्वस्तच, पण तो गेला की आकडेही गेले. मग वागळे इस्टेट नाही तर महापेची कॅलिब्रेशन लॅब गाठायची, आणि तिथलं कोटेशन वाचताना मीटर कितीला घेतला होता ते आठवून हसू येतं.

म्हणून आधी आकड्यांची प्रत. मागच्या जीपीआयबी पोर्टला (मीटर कॉम्प्युटरला जोडायची जुनी सोय) एआर४८८ हे त्याच कामाचं सॉफ्टवेअर टाकलेला अरडुइनो, म्हणजे छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड, लावायचा आणि रॅममधल्या २५६ जागा एकेक करून वाचायच्या. दोनदा वाचा, दोन्ही फाइली तंतोतंत जुळेपर्यंत स्क्रूड्रायव्हरला हात लावायचा नाही. समोरचा 'कॅल एनेबल', म्हणजे हे आकडे बदलू देणारा स्विच, बंदच राहू दे. प्रत झाली की मीटरची पिन काढा, जीपीआयबीची केबलही काढा.

सेल आणायला मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड. दुकानदार ३.६ व्होल्टचा चार्जेबल पुढे करेल, "साहेब, हा जास्त टिकतो" म्हणत. नको म्हणा. साधा ३ व्होल्टचा, पट्ट्या वेल्ड केलेला मागा. सेलच्या अंगावर थेट सोल्डर केलंत तर आतला माल भाजतो. फुटलाच तर घरी पुढचे प्रयोग बंद.

घरातली म्हातारी किल्ल्या सुनेच्या हातात पडल्याशिवाय जागची हलत नाही, तसंच इथे. दोन नवे पेन्सिल सेल आणि मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर, असा तात्पुरता कारभारी जुन्या सेलला समांतर जोडायचा. वायरी सेलच्या पायांवर नकोत, बोर्डाच्या तांब्यावर हव्यात. नाही तर सेलबरोबर त्याही निघून येतात. आता रेझिस्टरवरचा व्होल्टेज दुसऱ्या मीटरने मोजा. दोन-चार दशांश व्होल्ट आला तर ठीक. शून्य आला तर वायर लागलेलीच नाही असं धरून चाला. सहाच्या आसपास आला तर प्लस-मायनस उलटे, आणि जुना सेल अजून जागेवर आहे म्हणून तुम्ही वाचलात.

मीटरची पिन काढा, जीपीआयबीची केबलही काढा. सोल्डरिंग आयर्न तापलं की त्याचाही प्लग काढून मगच टेकवा. त्याचं टोक अर्थिंगला असतं. केबल राहिली असेल आणि टोक प्लसला लागलं, तर सेल शॉर्ट आणि आकडे स्वर्गवासी. नेमकी याच क्षणी दाराची बेल वाजते. वाजू द्या, कुरिअर शेजारी घेतात.

जुना काढला, नवा बसवला, मग पेन्सिल सेल सोडवले. काढलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना टेप लावा आणि तो ई-कचऱ्यात द्या.

पडताळणीसाठी १० किलोओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर आधी मोजून आकडा लिहून ठेवलेला असावा. आता तोच पुन्हा मोजा. शेवटचे अंक थोडे हलले तर लगेच सेलला बोल लावू नका. ५० पीपीएमचा (अंशाला दहा लाखांत ५० भाग बदलणारा) रेझिस्टर तापमानाच्या एका अंशाला अर्ध्या ओहमपर्यंत सरकतो, आणि मे महिन्यातल्या ठाण्यात पंखा चालू आहे की बंद एवढ्यानेही तो सरकतो.